अर्ध्या मिनिटानं आलेला आवाज

नाना,

परवा रेडिओ केंद्रातून बाईंचा फोन आला. तुमच्यावर पाच मिनिटं बोला म्हणाल्या. जन्म कुठला, रेल्वेत कधी लागलात, चषक किती आणलेत, कोचिंग सोडून कॉमेंट्रीकडे कसे वळलात, असं सगळं थोडक्यात आणि भावपूर्ण. मी म्हटलं, थोडक्यात जमेल, भावपूर्णचं सांगता येत नाही. मग सरळ नाहीच म्हणून टाकलं. तुम्ही नरडाण्याकडचे, एवढं मला माहीत आहे. बाकीचं तुमच्याशी संसार केलेल्या अक्काला विचारावं लागेल, आणि अक्काला सध्या कुणी काही विचारू नये असं मला वाटतं. शिवाय रेडिओवर बोलायचं म्हणजे तुमच्या खुर्चीत बसायचं. त्या खुर्चीशी माझं भांडण होतं आणि ते अजून मिटलेलं नाही.

म्हणून हे लिहितोय. समोरासमोर बोलताना तुम्ही माझं एकही वाक्य पुरं होऊ दिलं नाहीत. मी तोंड उघडलं की तुमचा हात वर, आणि 'ऐक, ऐक' सुरू. आता तुम्हाला ऐकावं लागेल.

मी पहूरचा. गावात कबड्डी खेळायचो. फुटबॉल फक्त शाळेच्या कपाटात पाहिला होता, तोही हवा गेलेला. अकरावीला भुसावळला मामांकडे राहायला आलो. मामा रेल्वेत, घर रेल्वे कॉलनीत, आणि घरामागच्या मैदानात तुम्ही. तेव्हा तुम्ही दिवसा वर्कशॉपात फिटर होतात आणि सकाळ-संध्याकाळ भुसावळच्या संघाचे कोच. मी कडेला उभा राहून बघत होतो. तुम्ही माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाहीत, पायांकडे पाहिलंत आणि म्हणालात, "पाय लांब शेत तुना. ये आठे." सरावाला माझी निवड झाली ती अशी, लांब पायांवर.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही विचारलंत, घरी केळी आहे का. मला वाटलं, खायला हवीत. पुढच्या रविवारी मी डझनभर केळी घेऊन आलो, ती तुम्ही सगळ्या पोरांना वाटलीत आणि मला म्हणालात, केळी नको होती, खांब हवे होते. घड उतरवल्यावर जो खांब तोडून टाकतात, तो. त्याचे गुडघ्याएवढे तुकडे करून तुम्ही ओळीनं उभे करायचात आणि आम्ही त्यांच्यामधून चेंडू काढायचा. दुसरीकडचे कोच विटा ठेवतात, बाटल्या ठेवतात. पण विटेला पाय लागला तर पोरगं खोटं बोलू शकतं. केळीच्या ताज्या खांबाला नुसतं घासलं तरी चीक लागतो, आणि तो डाग पांढऱ्या चड्डीवरून जन्मात जात नाही. सराव संपला की तुम्ही आम्हाला रांगेत उभं करून चड्ड्या बघायचात. काही बोलायचा नाहीत. नुसतं बघून पुढे जायचात. मामी म्हणायची, तुझ्या त्या नानाला सांग, साबण पाठव. माझी पहिली चड्डी तर मुळात तपकिरीच असावी असं कुणालाही वाटलं असतं. दुसरीवर डाग कमी पडले. तिसरी वर्षभर पांढरी राहिली, तेव्हा तुम्ही मला संघात घेतलंत.

तुमच्याकडे शिट्टी नव्हती. तुमचा आवाजच पुरे होता. मैदानापलीकडच्या रुळांवरून मालगाडी जायची, तिचे डबे संपता संपायचे नाहीत, आणि त्या सगळ्या खडखडाटावरून तुमचं "काय देखी राहिना भो, दे ना त्याले" आमच्या कानात यायचं. पुढे मी कोच झालो तेव्हा पहिल्याच दिवशी शिट्टी विकत घेतली. तुम्ही ती पाहिलीत आणि विचारलंत, इथं ट्रॅफिक आहे का.

मी कोच झालो, हेही तुम्ही जसं केलंत तसंच झालं. तोवर मी इथल्याच शाळेत खेळाचा मास्तर झालो होतो. तुम्ही रेल्वेतून निवृत्त झालात, गुडघ्यांनी दगा दिला, आणि एका संध्याकाळी सराव चालू असताना खांद्यावरचा पंचा झटकून म्हणालात, "आते तू देख." आणि घरी गेलात. निरोप नाही, भाषण नाही. पोरं माझ्याकडे बघायला लागली आणि मी तुमच्या पाठीकडे. खरं सांगतो, मला फार आनंद झाला होता. तुमच्या हाताखाली खेळलेल्या माणसाला तुमची जागा मिळणं म्हणजे काय, ते तुम्हाला कधी कळलं नसेल, कारण तुमच्या आधी इथं कोणी नव्हतंच.

तो आनंद दोन-तीन महिने टिकला. मग रेडिओच्या बाई आल्या.

त्या आल्या होत्या रेल्वे कॉलनीतल्या खेळांवर कार्यक्रम करायला. तुम्ही मैदानाच्या या टोकाला बसून त्या टोकाच्या पोराला झापत होतात, ते त्यांनी ऐकलं आणि विचारलं, हे गृहस्थ कोण. पुढे थंडीत जळगावला जी दरवर्षीची स्पर्धा होते, तिच्या कॉमेंट्रीला त्यांनी तुम्हाला बसवलं. तुम्हाला रेडिओवर पुस्तकी मराठी बोलायला सांगितलं होतं. तुम्ही आठवडाभर अक्कापुढे सराव केलात म्हणे. अक्का भाकरी थापतेय आणि तुम्ही मागे उभं राहून 'चेंडू आता उजव्या बगलेतून पुढे सरकत आहे' म्हणताय. अक्का म्हणायची, सरकू द्या, तुम्ही तेवढे बाजूला सरका.

पहिल्या सामन्यात तुमची पुस्तकी मराठी हाफटाइमपर्यंत टिकली. नंतर कुणीतरी रिकाम्या गोलसमोर चेंडू घालवला आणि तुमच्या तोंडून सगळ्या जिल्ह्यानं ऐकलं, "आरे डोया कोठे शेत तुना!" बाईंनी कपाळाला हात लावला. लोकांना मात्र तेच आवडलं. दुसऱ्या दिवशी जळगावात पानाच्या टपरीवरसुद्धा जो तो दुसऱ्याला डोळे कुठे आहेत ते विचारत होता.

पण तुमची खरी अडचण भाषेची नव्हतीच. तुम्ही झालेलं सांगत नव्हतात. जे व्हायला हवं ते सांगायचात. चेंडू डावीकडे असायचा आणि तुम्ही म्हणायचात, उजवीकडे मोकळं आहे, तिकडे टाकायला हवा. बाईंनी समजावलं की नाना, ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही, आधी काय झालं ते सांगा. त्यावर तुम्ही त्यांना विचारलंत, झालेलं सांगायला काय अक्कल लागते.

यात एक गोष्ट मी मान्य करतो, आणि ती तुम्हाला कधी सांगितली नाही. माझे वडील पहूरला मळ्यात रेडिओ लावून तुमची कॉमेंट्री ऐकायचे. त्यांनी आयुष्यात फुटबॉलचा एक सामना पाहिला नाही. मी त्यांना दोन-तीनदा हा खेळ समजावायचा प्रयत्न केला होता, त्यांनी ऐकून घेतलं आणि कपाशीचं विचारलं. तुमची कॉमेंट्री ऐकायला लागल्यावर त्यांचा मला फोन यायचा की तुझा तो सात नंबर मागे का येत नाही, त्यामुळे मधे भगदाड पडतं. बरोबर असायचं ते. माझ्या वडिलांना हा खेळ तुम्ही शिकवलात, न भेटता. त्यांची शेवटची दोन-तीन वर्षं आम्हा बापलेकांत जे काही बोलणं झालं ते बहुतेक याच विषयावर झालं, आणि त्याचे आभार मी तुमचे मानायला हवे होते. आता मानतो.

भांडण पहिल्या फायनलपासूनचं. कोच म्हणून माझी पहिली फायनल, समोर धुळ्याचा संघ. कडेला बसलेल्या लोकांपैकी निम्म्यांच्या हातात छोटे रेडिओ. सामना डोळ्यांनी बघायचा आणि कानांनी तुमचा ऐकायचा, अशी खानदेशात पद्धतच पडली होती. उत्तरार्धात तुम्ही म्हणालात, धुळ्याचा उजवा बॅक दमला आहे, त्याच्या अंगावरून जायला हवं. ते माझ्या पाठीमागच्या सगळ्या रेडिओंतून एकदम आलं. माझी पोरं माझ्याकडे न बघता त्या बाजूला वळली आणि गोल झाला. आम्ही जिंकलो. स्टेशनवर उतरलो तर लोक म्हणाले, नानांनी रेडिओवरून मॅच काढली. माझ्या गळ्यात हार होता आणि मला तो ओढून टाकावासा वाटत होता.

त्याच संध्याकाळी मी तुमच्या घरी आलो. अक्कानं चहा ठेवला. मी विचारलं, ही मॅच कुणी जिंकली, मी की तुम्ही? तुम्ही बशीत चहा ओतलात, फुंकलात आणि म्हणालात, मॅच पोरांनी जिंकली. मी म्हटलं, तुम्ही माझ्या संघाला सूचना देता. तुम्ही म्हणालात, मी ऐकणाऱ्यांना सांगतो, आता खेळणारे ऐकतात तर मी काय करू. मी म्हटलं, तुम्ही जागा सोडलीत पण काम सोडलं नाहीत. यावर तुम्ही चड्ड्यांच्या रांगेत बघायचात तसं नुसतं माझ्याकडे बघितलंत.

पुढच्या वर्षी मी माझ्या बेंचवर रेडिओ बंद केला. तर धुळ्याच्या कोचनं त्यांच्या बेंचवर चालू केला. त्याचं बरोबरच होतं. तुम्ही मूळचे त्यांच्याच जिल्ह्यातले, आणि रेडिओवर बसल्यावर तुमच्यासाठी दोन्ही संघ सारखे. आमची खोड त्यांना सांगायचात, त्यांची आम्हाला. मग मीही रेडिओ परत लावला. म्हणजे झालं असं की दोन्ही संघ एकाच कोचचं ऐकून एकमेकांविरुद्ध खेळत होते. एकदा तुम्ही म्हणालात की आता दोघांनीही पुढचा गडी बदलायला हवा, आणि आम्ही दोघांनी एकदमच हात वर केला. रेफ्री हसून गवतावर बसला. माझ्या आयुष्यात मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नाही.

तुम्ही एवढी वर्षं कॉमेंट्री केलीत आणि रेडिओवर एकदाही माझं नाव घेतलं नाहीत. 'भुसावळचे प्रशिक्षक' म्हणायचात. धुळ्याच्या कोचचं नाव घ्यायचात, रेफ्रीचं घ्यायचात, चेंडू आणून देणाऱ्या माळ्याचंसुद्धा. मी एकदा अक्कापाशी बोललो. अक्का म्हणाली, त्यांना भीती वाटते, आपल्या माणसाची बाजू घेतल्यासारखं होईल. मला हे तेव्हा पटलं नाही. मला काय हवं होतं ते अगदी साधं होतं. एकदा, एका सामन्याबद्दल, तुम्ही म्हणायला हवं होतं की हे तू केलंस. कौतुक नको होतं. एवढंच, की हे तुझं.

मग कॉमेंट्री मोबाइलवर गेली. रेडिओ केंद्राचं ॲप आलं, सामने त्याच्यावरच ऐकायचे. लोकांनी उत्साहानं लावलं, आणि पहिल्याच सामन्यात कळलं की आवाज मागून येतो. अर्ध्या मिनिटानं, कधी जास्तच. गोल होऊन पोरं परत आपापल्या जागी गेली की मोबाइलमधून तुम्ही ओरडणार, मार, मार! लोक हसून हसून बेजार. तुम्ही म्हणणार डावीकडे द्या, आणि तोवर चेंडू गोलकीपरच्या हातात. तुमची सूचना कितीही शहाणी असली तरी आता तिचा काही उपयोग नव्हता.

मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही, मला हे फार बरं वाटलं. पहिल्यांदाच पोरं माझ्याकडे बघायला लागली.

तुम्हाला मात्र बाईंनी समजावलं, मी समजावलं, नातवानं मोबाइल समोर धरून दाखवलं, तरी पटलं नाही. "आवाज काय बैलगाडीमा बशीसन जास का?" हे तुमचं उत्तर. पोरं आताशा ऐकत नाहीत, असं तुम्ही अक्काला सांगायचात. तुम्हाला वाटायचं, त्यांनी तुमचं ऐकणं सोडलं. ते ऐकून मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

आता यंदाची फायनल. पुन्हा जळगाव, पुन्हा धुळे. तुम्ही पलीकडच्या मंडपात, कानाला हेडफोन लावून. आम्ही एका गोलनं मागे, आणि सामना संपायला आलेला. मी माझा सगळ्यात भरवशाचा फॉरवर्ड बाहेर काढला आणि बॅकला खेळणाऱ्या इरफानला पुढे पाठवला. सगळ्यांना वाटलं, मास्तरचं डोकं फिरलं. पण मी हाफटाइमपासून बघत होतो की धुळ्याचा गोलकीपर चेंडू पलीकडे गेला की चालत चालत पुढे येतो. आणि लांबून चेंडू उचलून टाकायची सवय बॅकलाच असते, फॉरवर्डला नसते. हा विचार माझा होता. कुठल्याही रेडिओतून आलेला नव्हता.

अर्ध्या मिनिटानं माझ्या मागच्या मोबाइलांमधून तुम्ही बोललात, शुद्ध मराठीत. "भुसावळच्या प्रशिक्षकांनी घोडचूक केली आहे. घर उघडं टाकलं आहे." लोक हसले. एकजण म्हणाला, सर, नाना रागावले. मी मागे वळून पाहिलं नाही.

थोड्या वेळानं इरफानला मैदानाच्या मधोमध चेंडू मिळाला. त्यानं एकदा वर पाहिलं. गोलकीपर पुढे आलेला होता. इरफाननं मारला आणि तो चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, टप्पा पडला आणि आत. लोक उठले, ओरडले, कुणीतरी माझ्या पाठीत गुद्दा घातला. आणि मग कुणाचं तरी लक्ष गेलं की लाइनमनचा झेंडा वर आहे. आमचा बंटी त्यांच्या बॅकच्या पलीकडे, गोलकीपरच्या पुढे, ऑफसाइडच्या जागेत उभा होता; पण तो गोलकीपरच्या आड आला असेल तरच गोल रद्द. रेफ्री लाइनमनकडे चालत गेला. सगळं मैदान चिडीचूप झालं. हजारभर माणसं दोन माणसांच्या ओठांकडे बघत होती.

तेव्हा तुमचा आवाज पोचला. त्या शांततेत, दहा-वीस मोबाइलांतून, एक थोडा पुढे एक थोडा मागे. इरफानकडे चेंडू. इरफान बघतो आहे. गोल! मग पाठीमागे लोकांची आरडाओरड, आणि त्या आरडाओरडीत, माइकपासून तोंड जरा बाजूला नेऊन तुम्ही बोललात, तुमच्या बोलीत, रेडिओसाठी नाही तर स्वतःशीच बोलल्यासारखं.

"मना पोऱ्याले कळनं. माले नही कळनं."

मी ऐकलं. तुमचा पोरगा म्हणालात मला. माझ्या शेजारी बसलेल्या राखीव पोरानं ऐकलं आणि विचारलं, सर, नाना आपको बोले क्या? मी म्हटलं, खेळाकडे बघ. खेळ तर थांबलेला होता.

रेफ्रीनं गोल रद्द केला. आम्ही हरलो. आणि पुन्हा अर्ध्या मिनिटानं तुम्ही शुद्ध मराठीत सांगितलंत, गोल रद्द, झेंडा योग्य आहे. गावात लोक अजून म्हणतात की नानांनी सांगितलं होतं, घर उघडं टाकलं, म्हणून हरले. मी कुणाचं तोंड धरायला गेलो नाही. पन्नाशीला आलेला माणूस, स्पर्धा हरलेला, चषक समोरच्याच्या हातात, आणि मला परतीच्या गाडीत खिडकीला तोंड लावून बसावं लागलं, कारण पोरांनी माझा चेहरा बघितला असता तर ती कोड्यात पडली असती. मी खूश होतो, नाना. इतका खूश मी जिंकून कधी नव्हतो.

तुम्ही सामन्यावरून तसेच लेकीकडे धुळ्याला गेलात आणि तिथंच तुमचं दुखणं निघालं, अक्काही मग तिकडेच गेली. मी भेटायला आलो. लेकीच्या गच्चीत खाट टाकून तुम्ही उन्हाला बसला होतात, अंगानं अर्धे झालेले. मी ठरवून आलो होतो की आज बोलायचं. तुम्हीही काहीतरी ठरवलेलं असावं, कारण मी आल्यावर तुम्ही लेकीला खाली पाठवलंत. आणि मग आपण काय बोललो? ऑफसाइड. तुम्ही म्हणालात, बंटी गोलकीपरच्या नजरेच्या आड आला, झेंडा बरोबर. मी म्हटलं, चेंडू झाडाएवढ्या उंचीवरून गेला, नजरेच्या आड यायला बंटी काय खांबावर चढला होता? तुम्ही खाटेवर उशी ठेवलीत, ती गोलकीपर. तांब्या ठेवलात, तो बंटी. मी तांब्या हातभर बाजूला सरकवला, तुम्ही परत मधे आणलात. असं किती वेळ चाललं कोण जाणे. शेवटी पाणी सांडलं आणि लेक वर येऊन दोघांनाही रागावली.

निघताना तुम्ही माझं मनगट धरलंत. मला वाटलं, आता बोलणार. तुम्ही म्हणालात, "आते खांब कोणा मळामातून आनस?" मी म्हटलं, पहूरहूनच, भाऊ पाठवतो. तुम्ही मान हलवलीत. मी जिना उतरलो. पुढच्या वेळी बोलू, असं मनात होतं. पुढच्या वेळी तुम्ही नव्हतात.

बातमी आली त्या दिवशी मी रडलो नाही. शाळेत गेलो, तास घेतले. रडू आलं ते दुसऱ्या दिवशी सरावानंतर, पोरांना रांगेत उभं करून चड्ड्या बघताना. एका नव्या पोराची चड्डी मांडीपर्यंत तपकिरी झाली होती आणि तो शरमेनं खाली बघत होता. मी पुढे जाऊ शकलो नाही. पोरांना वाटलं, सर डागांमुळे रडतायत. त्या दिवसापासून बिचारी फार जपून खेळतात.

उत्तरकार्याला धुळ्याला आलो होतो. जेवणं उरकली, माणसं पांगली, तेव्हा अक्कानं मला आत बोलावलं. ती भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, तुला एक विचारायचं आहे, फायनलला त्यांनी रेडिओवर तुझ्याबद्दल काहीतरी म्हटलं, ते मी घरी ऐकलं होतं, तू ऐकलं होतंस का? मी म्हटलं, हो अक्का. अक्का पदरानं तोंड पुसून म्हणाली, "तू भेटाले येवानी आदल्या दिवशी त्यास्नी माले ईचारं, पोऱ्याले ऐकू गयं व्हई का. मी म्हनं, तठे गोल झाया, येवढा गोंधळ, कशाले ऐकू जाई."

मी विचारलं, मग काय म्हणाले?

"काई नही. येवढंच म्हने, मंग बरं शे."

बरं कसं, ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि मी आता तुम्हाला विचारू शकत नाही. मी गेले काही दिवस एवढंच करतोय, त्या 'बरं'चा अर्थ लावतोय. कधी वाटतं, गोंधळात कुणाला ऐकू जाणार नाही म्हणूनच तुम्ही ते बोललात, आणि ऐकू गेलं नाही हे कळल्यावर सुटलात. कधी वाटतं, तुम्ही गच्चीत लेकीला खाली पाठवलंत ते पुन्हा सांगण्यासाठी, यावेळी समोर बसवून, आणि मी तांब्या सरकवत बसलो. दोन्हींतलं काही खरं असेल किंवा नसेलही. अक्काला मी यातलं काही बोललो नाही, तिनं मला लाडू बांधून दिले आणि मी परतलो.

पण तुमचा हिशेब एका जागी चुकला, नाना, आणि तो चुकला म्हणून मी आयुष्यभर तुमचा ऋणी राहीन. तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही की आवाज मागून येतो. तो आला तेव्हा गोंधळ संपला होता. अख्ख्या मैदानात एक माणूस बोलत नव्हता. मी तो स्पष्ट ऐकला, शब्दन् शब्द.

आणि बंटी आड आला नव्हता. झेंडा चुकलाच होता.